माया

अरण्येश्वरच्या चढावर माझं दुकान.
दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, एक मशीन, एक आरसा
आणि मापांच्या अकरा वह्या.
यंदा पहिल्यांदाच
शिवायला कमी, आत घ्यायला जास्त ब्लाउज आलेत.

पूर्वी बायका माप देताना पोट आत ओढायच्या,
आता श्वास सोडून उभ्या राहतात.
कुणी सांगत नाही. मी विचारत नाही.
टेप सांगते.

विदुलाताई तेवढ्या सांगतात.
बँकेतून निवृत्त, शिवदर्शनला तिसरा मजला,
साखर काठावर, गुडघे काठाच्या पलीकडे.
दर रविवारी, पोटाची चिमूट धरून.
"पूर्ण डोस नाही गं शैले. पेन फिरवलं की टिचक्या वाजतात,
त्या मोजते. लिहिलंय त्याच्या निम्म्याच्याही आत थांबते."
एवढं कुणी सांगितलं?
"भाचीनं."
आणि डॉक्टर?
ताई आरशात स्वतःचा पदर नीट करत राहिल्या.

चार महिन्यांत पर्वती एका दमात चढल्या.
रक्ताच्या कागदावर पहिल्यांदाच लाल खूण नव्हती.
"आणि खरं सांगू, डोक्यातली ती बाई गप्प झाली.
जेवण झाल्या झाल्या विचारायची, डब्यात काय आहे,
रात्री दोनला बोट धरून फ्रीजपर्यंत न्यायची.
पन्नास वर्षं मला वाटायचं, ती मीच."

माझा पाय मशीनवरच थांबला.
ती बाई माझ्याकडंही राहते.

पण टेप.
कंबर दीड इंच उतरली, दंड दोन.
असं होऊ नये.
हुक लावताना त्यांची बोटं थरथरली,
लोणच्याची बरणी हल्ली शेजारच्या मुलाकडून उघडून घेतात,
कंगव्यात केस, सोमवारी दिवसभर मळमळ,
माझ्यासाठी आणलेल्या मटार करंज्यांतली एक घेतली
आणि अर्धी कागदात गुंडाळून पिशवीत.
मला औषधातलं कळत नाही, कापडातलं कळतं.
बारीक होणं वेगळं,
विरणं वेगळं.

वहीचं पान फाडून दिलं. म्हटलं, हे डॉक्टरांना दाखवा,
माझ्याच अक्षरात दाखवा.

आठ दिवसांनी आल्या. डॉक्टर आधी ओरडले,
मग त्या पानाकडं बराच वेळ बघत बसले म्हणे.
कमी चालेल, पण किती कमी ते मी ठरवणार.
रोज डाळ, अंडं, दोन किलोची डंबेल्स,
बरगडीखाली उजवीकडं दुखलं तर सकाळची वाट बघायची नाही.
आणि जाता जाता,
"कमी घेतलं म्हणजे सुरक्षित, असं छातीठोक मलाही सांगता येत नाही हो."

मग ताईंनी डब्याच्या पिशवीतून काढलं,
बर्फाच्या पाकिटाला टेकवलेलं.
"जुनं आहे, थोडं उरलंय. तुला हवं तर."

पेन गार होतं,
माझ्या खडूच्या पेन्सिलीपेक्षा जरासं जाड.
सुया मी सोळाव्या वर्षापासून हाताळते.
एका सुईनं शंभर कापडं शिवता येतात,
दोन माणसं नाही. हे मला कुणी शिकवायला नको.
परत दिलं.
लगेच नाही दिलं.

रात्री शटर ओढून आरशासमोर उभी राहिले.
अकरा वह्यांत माझं माप कुठंच नाही.
टेप कमरेभोवती घेतली, आणि बघते तर
श्वास आत ओढलेला,
रिकाम्या खोलीत, स्वतःपासून.
सोडला. आकडा वाचला. लिहिला नाही.

मशीनवर ताईंचा जांभळ्या खणाचा ब्लाउज.
दोन्ही बाजूंनी आत घेतला.
"उरलेलं कापून टाक," म्हणाल्या होत्या,
"आता परत लागायचं नाही."

कात्री हातात होती.
नाही कापलं. आत दोन बोटं माया ठेवली,
इस्त्रीनं दाबून,
वरून कळू नये अशी.